जहाजाचे जलद्वार

पनवेलच्या खाडीत आज मोठी जहाजे येत नाहीत. परंतु मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू ज्या काळी मचव्यातून पनवेलच्या बंदरावर उतरे आणि १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या सडकेने देशावर चढे, त्या काळापासून या तालुक्याचा समुद्राशी जडलेला संबंध, १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचून पनवेलचा तो उतारूंचा व्यवहार ओसरल्यानंतरही, तुटलेला नाही. न्हावा येथे खलाशांच्या पिढ्या घडवणारी ‘रहमान’ ही प्रशिक्षणसंस्था आहे. तेथेच तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा तो तळ आहे, जेथून अरबी समुद्रातील तेलफलाटांना रसद जाते. आणि २६ मे १९८९ रोजी जे विशाल बंदर सुरू झाले, त्याला पनवेल तालुक्यातील न्हावा आणि उरण तालुक्यातील शेवा या दोन गावांच्या नावांनीच लोक ओळखतात. या बंदराच्या धक्क्यावर जे चालते ते दुरूनही दिसते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच जहाजांच्या अंगाला लागून, पाण्याखाली आठ-दहा मीटरांवर, जवळजवळ पूर्ण अंधारात चालणारे एक काम हा आहे.

जहाजाच्या पोलादी कवचात पाणरेषेखाली एक पेटी बसवलेली असते. तिला सी चेस्ट म्हणतात. तिच्या तोंडावर गजांची जाळी असते, आणि जाळीतून आत आलेले समुद्राचे पाणी व्हॉल्व्ह व गाळण्या ओलांडून पंपांपर्यंत पोहोचते. मुख्य इंजिन व विजेची जनित्रे थंड ठेवण्याचे, आगीच्या बंबांना पाणी पुरवण्याचे, जहाजाचा तोल राखणाऱ्या टाक्या भरण्याचे, असे सारे काम या पाण्यावर अवलंबून. म्हणून बहुधा एक पेटी वर आणि एक खाली, अशी योजना केलेली असते: खोल समुद्रात हेलकाव्यांबरोबर हवा आत ओढली जाऊ नये म्हणून खालची, आणि उथळ बंदरात तळाचा गाळ येऊ नये म्हणून वरची. न्हावा-शेव्याच्या पाण्यात गाळाचा प्रश्न नित्याचाच आहे. जाळी तुंबली तर प्रथम पंपाचा दाब उतरतो, मग इंजिनाचे तापमान चढू लागते, मग यंत्रणा आपले रक्षण करण्यासाठी आपली गती आपणच कमी करते. आणि हे सर्व अरुंद जलमार्गात, दोन्ही अंगांना उथळ पाणी असताना घडले, तर शेकडो मीटर लांबीचे जहाज काही मिनिटांत निराधार होते.

जाळी तुंबवणारे प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे असतात, हे खरे. परंतु चिवट शत्रू सजीव आहेत. सी चेस्टच्या आत पाण्याचा झोत जहाजाच्या उघड्या अंगापेक्षा सौम्य, अन्नाचा पुरवठा अखंड, आणि भक्षकांपासून आडोसा. त्यामुळे बार्नॅकल, नळीकृमी आणि शिंपल्यांच्या वसाहतींना याहून सोयीची जागा नाही. तांब्याचे विद्युत्-अग्र बसवून त्यांना रोखण्याची व्यवस्था असते, पण ते अग्र झिजतात आणि झिजल्याची खबर वर कोणास लागत नाही. या प्रवाशांचा उपद्रव जहाजापुरता राहत नाही. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मायटिलॉप्सिस सॅली हा नखाएवढा शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, आणि १९७५ साली करंदे व मेनन या अभ्यासकांनी भारतीय बंदरांत नव्याने स्थायिक झालेला परका म्हणून त्याची नोंद केली. १९९९ साली तोच ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकागोद्यांत पसरला, तेव्हा तो नाहीसा करण्यासाठी तेथील पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतून त्यातील सर्वच जीवसृष्टी मारावी लागली. एका जाळीआडच्या मूठभर शिंपल्यांचा मुलाहिजा राखणे किती महाग पडते, ते यावरून दिसेल. याच पेटीत दक्षिण अमेरिकेतील चोरटे कोकेनचे गठ्ठे दडवतात, म्हणून त्या बाजूने आलेल्या जहाजाची जाळी तपासणाऱ्या पाणबुड्याला जीवशास्त्राबरोबर फौजदारीचाही विचार करावा लागतो.

तपासणीची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या या आखातात पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, आणि त्या वेगात जहाजाच्या अंगाला धरून राहणे अशक्य असते. म्हणून भांगाचे दिवस, अथवा भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीचा जो थोडा अवधी असतो तो, साधावा लागतो. जहाजावर पांढऱ्या-निळ्या रंगाचे निशाण चढते, ज्याचा अर्थ पाण्यात माणूस आहे. वर सुपरवायझर आवाजाच्या यंत्राशी बसतो, टेंडर, म्हणजे मदतनीस, पाणबुड्याला वरच्याशी जोडणारी अंबिलिकल हातात धरून ती सैल किंवा ताठ करतो, आणि आणखी एक पाणबुड्या पोशाख घालून, केवळ वाट पाहण्यासाठी, तयार असतो. त्या अंबिलिकलमध्ये हवेची नळी, खोली मोजणारी नळी, बोलण्याची तार आणि दिव्याची तार एकत्र वळलेल्या असतात. शिवाय पाठीवर एक छोटी हवेची टाकी, वरचा पुरवठा तुटला तर.

खाली गेल्यावर दिवा बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण पाण्यातील माती प्रकाशाला परत फिरवते. मग हात हेच डोळे. पोलादी पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेवरून पेटीच्या कडेपर्यंत सरकत जाणे, जाळीचे गज बोटांनी मोजणे, प्रत्येक बोल्ट चाचपून तो जागेवर आहे ना आणि ढिला तर नाही ना हे सांगणे, गंज रोखणारा जस्ताचा ठोकळा किती उरला आहे याचा अंदाज देणे, हे सारे तो उच्चारत जातो आणि वर कोणीतरी लिहून घेतो. जहाजाच्या वर्गीकरण-संस्थेस मात्र चित्र हवे असते. म्हणून स्वच्छ पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी जाळीला टेकवून, तिच्यातून कॅमेऱ्याने पाहण्याची युक्ती योजली जाते. मालवाहू जहाजाच्या तळाची पाच वर्षांत दोनदा, आणि छत्तीस महिन्यांहून अधिक अंतर न पडू देता, तपासणी झाली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम असून, त्यांपैकी एक तपासणी, जहाज सुक्या गोदीत न चढवता, अशा पाण्याखालच्या पाहणीने भागवण्यास अटींवर मुभा आहे. माझे स्पष्ट मत असे की, त्या संस्थेच्या दफ्तरात चित्राला जे वजन मिळते तितकेच हाताने सांगितलेल्या शब्दालाही मिळाले पाहिजे. गढूळ पाण्यात खरी साक्ष त्याचीच असते.

या धंद्यातील खरे भय खोलीचे नाही. दाबाच्या फरकाचे आहे. आतील पोकळी रिकामी असून तिच्यात तीस सेंटिमीटर व्यासाचे छिद्र आठ मीटर खोलीवर उघडत असेल, तर त्या छिद्रावर बाहेरील पाण्याचा भार सुमारे ५८० किलो पडतो. चालू पंपाची ओढही तशीच. हाताच्या अंतरावर पाणी शांत वाटते, काही सूचना मिळत नाही. आणि हात वा नळी छिद्रावर बसली की ती सोडवण्याचे बळ कोणत्याच माणसाच्या अंगी नसते. जहाजाची जनित्रे तर बंदरातही चालूच ठेवावी लागतात, म्हणजे सर्वच पंप बंद करता येत नाहीत. म्हणून एका अंगाची सी चेस्ट बंद करून दुसऱ्या अंगाच्या पेटीवर यंत्रे चालवायची, आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हला व पंपाच्या विजेच्या खटक्याला कुलूप लावून, त्यावर सूचनेची चिठ्ठी टांगून, चावी पाणबुड्यांच्या सुपरवायझरकडे द्यायची, असा बंदोबस्त असतो. त्याबरोबरच सुकाणू व पंखा फिरणार नाहीत याची हमी मुख्य अभियंता लेखी देतो. हा लेखी बंदोबस्त पुष्कळांना कागदी उपचार वाटतो. परंतु इंजिनखोलीत पाळी बदलते, नवा अभियंता येतो, त्याला तापमान वाढलेले दिसते, आणि त्याचा हात सवयीने पंपाच्या बटणाकडे जातो. त्या क्षणी पाण्याखालील माणसाचे आयुष्य त्या कुलपावरच उभे असते.

आपल्या किनाऱ्यावर या व्यवसायाला खरी भरती आली ती १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडल्यावर. फलाटांच्या पायांशी, नळांच्या जोडांशी काम करण्यासाठी दाबाच्या कोठडीत दिवसेंदिवस राहणारे पाणबुडे लागू लागले. २७ जुलै २००५ रोजी, कोकण आदल्या दिवसाच्या महापुरात बुडालेले असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ फलाटावर आदळून जी आग भडकली, तिच्यात २२ माणसे गेली. आणि त्या जळत्या जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या कोठडीत बंद होते, ज्यांना दार उघडून बाहेर पडणे म्हणजे मृत्यूच होता, आणि ज्यांची सुटका सुमारे ३६ तासांनी झाली. बंदरातील पाणबुड्याची खोली त्यांच्या तुलनेने किरकोळ. त्याला वर येताना वाटेत थांबावेही लागत नाही बहुधा. दाब आणि विश्वास यांचा हिशेब मात्र दोघांचा एकच.

सी चेस्टवरील सर्वांत नाजूक काम व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचे. बाहेरून पोलादी पत्रा रबराच्या पट्टीसह जाळीवर बसवून तोंड बंद करतात. आतील पाणी उपसल्यावर बाहेरचा दाबच तो पत्रा घट्ट धरून ठेवतो, आणि लादलेले जहाज पाण्यात उभे असतानाच आतील कारागीर व्हॉल्व्ह काढतात. परत फिरताना घाई चालत नाही. नवा व्हॉल्व्ह बसला, बंद झाला, कुलूप लागले, की पत्र्याच्या लहान नळीतून पेटीत हळूहळू पाणी घेतात; आत-बाहेर दाब समान झाल्याची खात्री पटल्यावरच पाणबुडा बोल्टांना हात लावतो. पत्रा वर ओढला जातो, जाळी पुन्हा एकदा चाचपली जाते, पाणबुडा शिडीवर आल्यावर वरून त्याचे नाव घेऊन हजेरी होते, आणि मगच चावी परत देऊन पंप सुरू करण्याचा हुकूम निघतो; त्यानंतर इंजिनखोलीतील मापकावर दाबाचा काटा कोठे स्थिरावला ते सकाळच्या नोंदीशी ताडून लिहितात.