कांदेनवमीला पोतं उघडायला विसरू नका!

आषाढ लागला, दोन सरी पडून गेल्या, की घरात कुठून तरी कुबट वास यायला लागतो. आपण आधी मोरी धुतो, मग केराचा डबा पाहतो. आणि मग एकदम लक्षात येतं, "अगंबाई, कांदे!"

लग्न होऊन मी बिलोलीला आले, त्या वर्षी आमच्याकडे हेच झालं. सासूबाईंचा चातुर्मास. कांदेनवमीला भजी, थालीपीठं झाली आणि उरलेलं पोतं तोंड बांधून माळ्यावर गेलं. वास यायचा, पण चातुर्मासात कांद्याला हात कोण लावणार? कार्तिकी एकादशीनंतर पोतं सोडलं, तेव्हा निम्मे कांदे उकिरड्यावर गेले. सासूबाई बोलल्या नाहीत, पण घरखर्चातले पैसे गेले ते गेलेच.

भगिनींनो, कांदा काढला तरी तो जिवंतच असतो. तो श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. त्याला हवा हवी. म्हणून तर शेतकऱ्याच्या कांदाचाळीला तळातून आणि बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात. साठवणीच्या कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कांदा सुकून वजनाला घटतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की सडतो. आणि थंडीची चाहूल लागली की कोंब धरतो.

साठवणीसाठी एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी कांदाच घ्या. दिवाळीच्या सुमारास येणारा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. तो लागेल तेवढाच आणावा. मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, खडखडीत सालीचा कांदा निवडा. जाड मानेचा आणि जोडकांदा आधी वापरून टाका. घरी आणल्यावर सावलीत पसरून वाळवा. मग टोपलीत, जाळीच्या पिशवीत किंवा बाजेखाली पातळ थरात ठेवा. तापलेल्या पत्र्याखाली नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, फ्रिजमध्ये तर नकोच. आणि बटाट्यांशेजारीही नको. दोघंही लवकर खराब होतात.

आता बिघडलेला कांदा ओळखायचा कसा? वरून तो छान दिसतो, हीच तर खरी फसगत! अंगठ्याने त्याची मान दाबून पाहा. मऊ लागली, तर सड आत शिरली म्हणून समजा. पाणी सुटलं असेल, चिकट लागत असेल, आंबूस वास येत असेल, तर तो कांदा सरळ टाका. त्याला खेटून असलेले कांदे कोरड्या फडक्याने पुसून वेगळे ठेवा आणि आधी संपवा.

सालीवर काळी भुकटी दिसते, ती बुरशीच. वरचीच साल काळी असेल, तर एखाददुसरा पापुद्रा काढून, कांदा धुऊन वापरता येतो. काळेपणा आतल्या पाकळ्यांत उतरला असेल, तर मात्र टाकावा. ज्यांना दमा किंवा बुरशीची ॲलर्जी आहे, त्यांनी असले कांदे हाताळू नयेत. २०२१ साली करोनाच्या लाटेत, या काळ्या भुकटीने 'ब्लॅक फंगस' होतो, असे निरोप मोबाइलवर फिरले होते. ते खरं नव्हतं. तो आजार वेगळ्या बुरशीचा.

कोंब आलेला कांदा मात्र फेकू नका हं! तो घट्ट असेल तर खुशाल चिरा. कोंब पातीसारखा भाजीत घाला.

आठवड्यातून एकदा, बाजारच्या आदल्या दिवशी म्हणा, कांदे निवडायची सवय लावून घ्या. काम दहा मिनिटांचंच. घरात चातुर्मास पाळत असाल, तर कांदेनवमीलाच पोतं रिकामं करा; न खाणाऱ्यांनी साठवून तरी काय करायचं?

आणि एक शेवटचं. अर्धा सडलेला कांदा कापून बरा भाग वेगळा काढायचा आणि तो आपल्याच ताटात घ्यायचा, ही आपली बायकांची जुनी खोड. मऊ पडलेल्या कांद्यातली सड डोळ्यांना दिसते त्याहून आत गेलेली असते. जो कांदा तुम्ही मुलांना वाढणार नाही, तो स्वतःलाही वाढून घेऊ नका. काटकसर पोतं आणतानाच करावी, ताटावर बसल्यावर नव्हे.