ट्रॅक्टर चालवा, पण कंबर सांभाळा



ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या द्राक्षबागांत फवारणीचा ब्लोअर थांबत नाही. पाऊस झाला की केवड्याच्या भीतीने रात्रीसुद्धा ट्रॅक्टर जोडावा लागतो. नेमकी अशा वेळी चालवणाऱ्याची कंबर धरते. माणूस खाटेवर आणि फवारणी लांबणीवर! म्हणून इंजिनाच्या तेलपाण्याइतकीच कमरेचीही निगा ठेवावी.

कंबर का दुखते?

सातपूरच्या महिंद्र कारखान्यात बनणाऱ्या जीपसारख्या गाड्यांना चाकांपाशी पाटे किंवा स्प्रिंगा असतात. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला मागच्या चाकांपाशी तसे काही नसते. ढेकळाचा धक्का टायर आणि सीट अडवतील तेवढाच अडतो; बाकीचा थेट मणक्याला बसतो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे ४ ते ६ हेलकाव्यांना सर्वांत जास्त हादरतो, आणि शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हेलकावे पुष्कळदा याच्याच आसपास असतात. त्यातच ब्लोअर पाहायला आपण सारखे मागे वळतो. नुसते मलम चोळून हे कारण जात नाही.

आधी सीट नीट करा

१) सीटखालची स्प्रिंग तपासा. वजनाप्रमाणे कमीजास्त करण्याची सोय असेल तर ती आपल्या वजनाला जुळवून घ्या.

२) क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला आणि पाठ टेकलेली राहिली पाहिजे. बाप-लेक आळीपाळीने चालवत असतील तर दर वेळी सीट पुढेमागे करावी.

३) दबलेला फोम बदला. त्यावर पोत्याच्या घड्या टाकल्या तर उंची वाढते, पाय लोंबतात.

४) टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिली आहे तेवढीच भरा. टायर दगडासारखा टणक झाला की धक्का वाढतो.

गॅरेजमध्ये गाडी बनवून घेताना

जुन्या जीपच्या सांगाड्यावर बागेसाठी लहान गाडी बनवून घेणार असाल तर सीट मागच्या आसाच्या बरोबर वर बसवू देऊ नका. जमेल तेवढी पुढे घ्या. सीट, स्टिअरिंग आणि पेडल एका रेषेत हवेत, नाहीतर दिवसभर कंबर तिरपी राहते. इंजिन, गिअरबॉक्स हाताने उचलू नये, चेनपुली लावावी. चाक उचलण्याऐवजी गडगडवत न्यावे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, भक्कम ठोकळे लावा.

चालवताना

• बांध, ओढा, खडकाळ वाट आली की गिअर उतरवा. वेग वाढला की धक्काही वाढतो.

• मागचे पाहायला आरसा लावून घ्या.

• तासाभराने उतरून ५ मिनिटे चाला.

• उडी मारू नका. ट्रॅक्टरकडे तोंड करून, धरून उतरा.

• उतरल्याबरोबर खताची गोणी उचलू नका. हादऱ्यांनी स्नायू थकलेले असतात. थोडे फिरून मग गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून उचला.

दुखू लागले तर

गरम शेक घ्या, जड काम थांबवा. पण आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहू नका. झेपेल तेवढे चालत राहिल्याने कंबर लवकर सुधारते. झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज खाऊ नयेत. पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो.

पायातली ताकद गेली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर एक दिवसही घालवू नका. कंबर चोळून, ओढून घेण्याच्या नादी न लागता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते.

तेव्हा आज संध्याकाळी ट्रॅक्टर उभा केल्यावर सीट एकदा हलवून पाहा. डुगडुगत असेल, फोम दबला असेल, तर छाटणीच्या आधीच दुरुस्त करून घ्या.