यजमानपदाची मसलत

पुणे शहराच्या पश्चिमेस, हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे टाकून मुळशी तालुक्याच्या उत्तर अंगाला गेले, म्हणजे कासारसाई लागते. मातीचे एक धरण, त्यामागे साठलेले पाणी, सभोवार उसाची शेते, आणि कासारसाई-दारुंबरे या जोडनावाने प्रसिद्ध असलेला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, एवढ्यावर या गावाची ओळख आजवर भागत आली आहे. परंतु नकाशा उलगडून पाहिला असता निराळीच गोष्ट नजरेस येते. या गावाच्या एका अंगास पवना नदीकाठचे गहुंजे आहे, जेथे २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचे पाच सामने झाले. आणि दुसऱ्या अंगास म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे, जेथे २००८ साली ७१ राष्ट्रांचे युवक-युवती राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेसाठी उतरले होते. जगाचे खेळ ज्यांच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचले, अशी गावे महाराष्ट्रात फार नाहीत. म्हणूनच हे खेळ येतात कसे, त्यांना आणतो कोण, आणि आणणाऱ्याच्या अंगी कोणता गुण असावा लागतो, या प्रश्नांचा विचार कासारसाईच्या बांधावरून करणे मला उचित वाटते.

स्पर्धा भरविणारा मनुष्य बाहेरून पाहणाऱ्यास सर्वाधिकारी भासतो. वस्तुतः ज्यांच्यावाचून त्याचे पान हलत नाही, त्यांपैकी जवळजवळ कोणावरच त्याची हुकमत चालत नाही. परदेशची मंडळे त्याचे ऐकण्यास बांधलेली नसतात. पोलीस व महसूल खाती आपापल्या वरिष्ठांचे हुकूम मानतात. महापालिकेस आपले ठराव असतात, पाटबंधारे खात्यास आपली आवर्तने असतात. आणि ज्या शेतकऱ्याच्या वाटेवरून प्रेक्षकांचा लोंढा जावयाचा, त्याला तर कोणी विचारलेलेच नसते. अशा परस्परांपासून स्वतंत्र सत्तांना एका ठरलेल्या दिवशी एका कार्याला जुंपणे, हे कर्तृत्व सेनापतीच्या जातीचे नसून मुत्सद्द्याच्या जातीचे आहे. संमती मिळविणे, ती टिकविणे, आणि ज्यांची संमती घेण्याचा शिरस्ता नाही त्यांच्याकडेही ती मागण्यास जाणे, यात त्याचे सारे सार आहे.

या कर्तृत्वाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नागपूरचे नरेंद्रकुमार प्रसादराव साळवे. पेशाने सनदी लेखापाल, काँग्रेसचे खासदार, इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात मंत्री, पुढे नवव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष, आणि १९८२ ते १९८५ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे प्रमुख, असा त्यांचा लौकिक. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारत अंतिम सामना खेळणार होता, आणि त्या सामन्यासाठी साळव्यांनी मागितलेल्या दोन जादा प्रवेशिका यजमानांनी नाकारल्या, ही हकिकत त्यांनी स्वतः पुढे वारंवार सांगितली. अपमान अनेकांचे होतात. अपमानाचे रूपांतर तजविजीत करणारे विरळा. भारत जिंकला, आणि त्यानंतर पाकिस्तानी मंडळाचे प्रमुख एअर मार्शल नूर खान यांच्याशी झालेल्या बोलण्यातून, पुढचा विश्वचषक आपल्या भूमीवर का होऊ नये, हा विचार निघाला. पहिले तिन्ही विश्वचषक, १९७५, १९७९ आणि १९८३ चे, इंग्लंडातच झाले होते, आणि ते तसेच चालावेत ही तेथील वहिवाट जणू निसर्गनियम मानली जात होती.

त्या वेळच्या भारतीय मंडळाची सांपत्तिक स्थिती आज सांगितली तर तरुण वाचकांस खरी वाटणार नाही. जगज्जेत्या संघाला बक्षीस देण्यास तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून दिल्लीत लता मंगेशकरांचे गायन योजण्यात आले, आणि त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये देण्यात आले. लताबाईंनी त्याबद्दल मानधन घेतले नाही. अशा मंडळाने इंग्लंडच्या हातून विश्वचषक मागावा, हे धाडस मोठेच होते. कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या संस्थापक सदस्यांना तेव्हा नकाराधिकार होता, आणि तो १९९३ पर्यंत राहिला.

साळव्यांनी येथे लेखापालाची दृष्टी वापरली. परिषदेत कसोटी खेळणाऱ्या मूठभर राष्ट्रांखेरीज अनेक लहान सहसदस्य राष्ट्रे होती. त्यांना मत होते, परंतु त्या मताला कोणी किंमत देत नसे. भारत-पाकिस्तानच्या प्रस्तावात सर्वच सदस्यांना, आणि विशेषतः या लहान राष्ट्रांना, पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक रक्कम देऊ करण्यात आली, आणि मतदानात पारडे उपखंडाकडे झुकले. यात केवळ पैशाचा हिशेब पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: दुर्लक्षितांच्या दारी जाऊन त्यांची संमती मागणे, हे पैशाइतकेच निर्णायक ठरले. सप्टेंबर १९८३ मध्ये आशियाई क्रिकेट परिषदेची स्थापना झाली, तीही याच मसलतीचा एक भाग होती.

यजमानपद मिळाले, पण खरा कस पुढेच लागला. भारत-पाकिस्तान संयुक्त व्यवस्थापन समिती स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद साळव्यांकडे आले. १९८५ साली मंडळाचे अध्यक्षपद सुटल्यावरही हे काम त्यांच्याकडेच राहिले. दोन देशांमधील वातावरण कसे होते, तर १९८४ पासून सियाचेनवर सैन्ये समोरासमोर उभी होती, आणि १९८६-८७ च्या हिवाळ्यात ‘ब्रासटॅक्स’ या लष्करी कवायतीमुळे युद्धाची भीती दाटली होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष जनरल झिया जयपूरला सामना पाहण्यास आले, आणि तणाव काहीसा निवळला. ज्यांच्या सरकारांचे एकमेकांशी बोलणे कठीण झाले होते, त्या दोन देशांच्या क्रीडाधिकाऱ्यांनी त्याच काळात एकत्र बसून हॉटेले, विमाने, चेंडू आणि पंच यांच्या याद्या तयार कराव्यात, याला मी विसाव्या शतकातील या उपखंडाच्या मोठ्या नागरी कामगिऱ्यांपैकी एक समजतो.

८ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर १९८७ या एका महिन्यात आठ संघांचे २७ सामने २१ केंद्रांवर झाले. आपल्याकडील दिवस इंग्लंडच्या उन्हाळी दिवसापेक्षा लहान, म्हणून ६० षटकांचा डाव ५० षटकांचा करावा लागला, आणि एका भौगोलिक अडचणीतून निघालेला हा बदल पुढे जगाने कायमचा स्वीकारला. त्रयस्थ देशांचे पंच नेमण्याचा पायंडाही विश्वचषकात येथेच पडला, कारण दोन यजमानांपैकी कोणावरही पक्षपाताचा ठपका येऊ देणे परवडणारे नव्हते. सामने एवढ्या गावी वाटल्याने संघांची फरफट झाली, ही टीका खरी आहे. तथापि ती फरफट हेतुपुरस्सर होती. साखर कारखान्यात ऊसतोडीचा कार्यक्रम आखताना जसा प्रत्येक गटाला आपला फड वेळेत तुटेल असा भरवसा द्यावा लागतो, नाहीतर सभासद फिरतो, तसाच प्रत्येक राज्य संघटनेला सामन्याचा वाटा देऊन साळव्यांनी संपूर्ण देश या उद्योगात सभासद करून घेतला. त्या वाटणीत ३० ऑक्टोबरचा इंग्लंड-श्रीलंका सामना पुण्याच्या नेहरू स्टेडियमला आला. दुसऱ्याच दिवशी साळव्यांच्या नागपुरात चेतन शर्माने विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक केले. यजमान दोन्ही देश उपांत्य फेरीत हरले. तरी कोलकात्याचा अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध इंग्लंड, तुडुंब भरलेल्या ईडन गार्डन्सवर झाला. त्यानंतर विश्वचषक देशोदेशी फिरू लागला.

पुण्याने नेहरू स्टेडियमवर आणखी एक नवल पाहिले: २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी हरविले. परंतु ते मैदान महापालिकेच्या मालकीचे होते, आणि स्वतःच्या मैदानाच्या शोधात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंज्यास आली.

तत्पूर्वी बालेवाडीची कथा घडून गेली होती. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी हे संकुल उभे राहिले, वास्तुरचना शशी प्रभू यांची. स्पर्धेस जेमतेम साडेतीन महिने उरले असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि राज्याची सारी यंत्रणा मराठवाड्याकडे धावली. तशाही स्थितीत स्पर्धा झाली. पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरली तेव्हा १४ वर्षांपूर्वीचे हेच संकुल नव्याने सजविण्यात आले. नऊ क्रीडाप्रकार, बाराशेंहून अधिक खेळाडू, भारत ३३ सुवर्णपदकांसह अग्रस्थानी, आणि बॅडमिंटनच्या विजेतेपदावर सायना नेहवाल नावाच्या एका अठरा वर्षांच्या मुलीचे नाव. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेची ही रंगीत तालीम मानली गेली होती. दिल्लीत पुढे जे घडले, स्पर्धेच्या तोंडावर कोसळलेला पादचारी पूल आणि नंतर महालेखापरीक्षकांचा कडक अहवाल, ते पाहता तालमीचा धडा मुख्य प्रयोगास लाभला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

बालेवाडीचे वैशिष्ट्य मला अन्यत्र दिसते, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धा मुळात चेन्नईची. श्रीलंकेच्या खेळाडूंना प्रवेश देण्यास तमिळनाडू सरकारने नकार दिला, स्पर्धा निराधार झाली, आणि अवघ्या काही महिन्यांच्या मुदतीत पुण्याने ती स्वीकारली. ३ ते ७ जुलै, म्हणजे ऐन पावसाळ्यात, ती पार पडली. थाळीफेकीत विकास गौडाने आणि रिले शर्यतीत भारतीय मुलींनी सुवर्ण मिळविले. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईची एटीपी टेनिस स्पर्धा ‘महाराष्ट्र ओपन’ होऊन बालेवाडीस आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्यास हलविण्यात आले, आणि त्यांचे चाहते खास आगगाडीने पुण्यास उतरले. दुसऱ्या नगराच्या हातून निसटलेले कार्य अल्पावधीत उचलण्याची ही क्षमता दरखेपेस नवी निर्माण करता येत नाही. दोन स्पर्धांच्या मधल्या ओसाड वर्षांत धावपट्टी, जलतरण तलाव, वसतिगृहे आणि मुख्य म्हणजे अनुभवी माणसे जपली, तरच ती हाती राहते. संकटातही हाच अनुभव आला. ऑगस्ट २००९ मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, त्या दिवसांत जागतिक कनिष्ठ व्हॉलीबॉल स्पर्धा याच नगरात चालू होती आणि भारताचा संघ चौथ्या स्थानापर्यंत पोहोचला. २०२२ च्या आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेत करोनामुळे भारताचा संघच नवी मुंबईत स्पर्धेबाहेर पडला. परंतु स्पर्धा थांबली नाही, आणि ३० जानेवारीस बालेवाडीच्या मैदानावर फिलिपीन्सच्या मुलींनी पेनल्टींवर विजय मिळवून आपल्या देशाला फुटबॉलच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकात नेले. त्या देशाच्या क्रीडा-इतिहासात बालेवाडी हे नाव आता कायमचे लिहिले गेले आहे, याचा अभिमान मुळशी-हवेलीच्या शाळांत अद्याप सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते.

आता गहुंजे. येथे मसलतीचा जो भाग अपुरा राहिला, त्याविषयी स्पष्ट लिहिणे कर्तव्य आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मृत्युमुखी पडले. त्याच पवनेकाठी, त्याच मार्गालगत, हॉपकिन्स या विलायती वास्तुशास्त्रज्ञांनी आखलेले देखणे क्रीडागार आठ महिन्यांनी, एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध नाही. परंतु पाण्याविषयीचे दुःख ताजे असलेल्या मुलखात हिरवळ राखावयाची होती, हे विसरता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी जात असताना, महिनाअखेरीनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला; आणि २०१८ मध्ये गहुंज्याच्या मैदानासाठी पवनेचे पाणी वापरण्यासही न्यायालयाने मनाई केली. जे करारात आधी लिहावयास हवे होते, ते न्यायालयास नंतर लिहावे लागले.

साळव्यांच्या पद्धतीचा अर्थ गहुंज्यास लावावयाचा, तर ज्यांच्या मताला किंमत दिली जात नाही अशा सहसदस्यांचा शोध येथेही घ्यावा लागेल, आणि ते गहुंजे, साळुंब्रे, दारुंबरे, कासारसाई या गावांत राहतात. विश्वचषकाचे सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, तेव्हा कारखान्याचा गाळप हंगामही तोंडावर असतो किंवा सुरू झालेला असतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि प्रेक्षकांच्या मोटारी यांना रस्ते तेच. सामन्यापूर्वी किमान एक महिना, कोणता रस्ता कोणत्या घटकेस बंद राहील, मैदानास किती पाणी लागेल व ते कोणत्या साठ्यातून येईल, सांडपाणी शुद्ध करून त्यातले किती पुन्हा वापरले जाईल, याचा तक्ता या गावांच्या ग्रामसभांपुढे मांडण्याची अट यजमान संघटनेच्या परवान्यातच घालावी. वर्षातील काही ठराविक दिवस तालुक्यातील शाळांच्या सामन्यांसाठी मैदान खुले राहील, हेही त्याच कागदावर यावे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा आता अहमदाबादेस भरणार आहे. तेथील अधिकाऱ्यांनी बालेवाडीचे २००८ व २०१३ चे दप्तर मागवून घ्यावे, आणि त्यासोबत न्यायालयाचे २०१६ व २०१८ चे आदेशही वाचावेत; महाराष्ट्र शासनाने ते दप्तर एकत्र करून छापण्याचे काम आजच हाती घेतले, तर त्या स्पर्धेच्या आखणीस ते वेळेत पोहोचेल.