याला ठेवायचं की सोडायचं?

दोस्तांनो, आज थोडा वेळ तुम्ही निवड समितीत बसा. समोर एका फलंदाजाची वही आहे. वय २३. पहिला डाव ०, दुसरा ५, तिसरा पुन्हा ०. तुमचा संघ अकरा सामन्यांपैकी आठ हरलेला. बाहेर लोक ओरडताहेत, "काढा याला!" बोला, ठेवायचा की सोडायचा?

घाईने उत्तर देऊ नका. हा मुलगा आपल्या पिंपरी-चिंचवडचा आहे. जुन्या सांगवीत वाढलेला, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत फलंदाजी शिकलेला ऋतुराज गायकवाड! वरचे तीन डाव आयपीएलमधले त्याचे अगदी पहिले तीन, २०२० सालचे.

चेन्नई सुपर किंग्जने त्याला डिसेंबर २०१८ च्या लिलावात घेतलं ते २० लाख रुपयांना, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत कमी मूळ किमतीला. २०१९ च्या अख्ख्या मोसमात त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२० मध्ये स्पर्धा अमिरातीत झाली. दुबईत पोचतो न पोचतो तोच त्याला कोरोनाने गाठलं. बाकीचे सराव करत होते तेव्हा हा खोलीत एकटा. बाहेर आला तो थेट सामन्यातच म्हणा ना! राजस्थानविरुद्ध पहिल्याच चेंडूवर पुढे सरसावला आणि यष्टिचीत. दिल्लीविरुद्ध ५ धावांवर धावचीत. मग सात सामने बाहेर. परत घेतलं ते मुंबईविरुद्ध. ट्रेंट बोल्टच्या पहिल्याच षटकात पायचीत, शून्य. त्या दिवशी चेन्नईची अवस्था ४ बाद ३, म्हणजे ३ धावांत ४ गडी अशी होती!

त्याच आठवड्यात धोनी म्हणाला होता की, जुन्या खेळाडूंना बाजूला सारावं अशी ठिणगी तरुणांत दिसली नाही. या वाक्यावर केवढा गदारोळ झाला, ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल.

आता जरा चाकणला जाऊ. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा तिथल्या किंवा भोसरीच्या कारखान्यांत काम करतात. त्यांना एक विचारून बघा. एखाद्या मशीनवरून लागोपाठ तीन पीस रिजेक्ट निघाले, तर मशीन लगेच भंगारात काढतात का? छे! आधी टूल झिजलंय का ते बघतात. सेटिंग हललंय का, माल वेगळा आलाय का, पीस मापायचं गेजच चुकतंय का, हे सगळं तपासतात. तीन रिजेक्ट म्हणजे "बघा" अशी सूचना. "फेका" असा हुकूम नव्हे.

ऋतुराजचे तीन पीस तसे तपासून पाहा. तो मुळात सलामीचा फलंदाज. पहिल्या दोन सामन्यांत त्याला मधल्या फळीत खेळवलं होतं. त्यातही राजस्थानने २१६ धावा ठोकलेल्या, म्हणजे आल्या आल्या दांडपट्टा चालवणं भाग. एकदा तो धावचीत झाला, त्यात चेंडू कसा खेळावा याचा काही संबंध नाही. आणि एकदा बोल्टचा आत येणारा चेंडू. तो भल्याभल्यांना कळलेला नाही. शिवाय आजारपणामुळे सराव बुडालेला. यातलं काय सांगतं की "याला खेळता येत नाही"? काहीच नाही. शून्य एवढाच आकडा पाहणाऱ्याला हे दिसत नाही, एवढंच.

चेन्नईने त्याला पुढच्या सामन्यातही सलामीलाच पाठवलं. बंगळुरूविरुद्ध नाबाद ६५, कोलकात्याविरुद्ध ७२, पंजाबविरुद्ध नाबाद ६२. तिन्ही सामने चेन्नई जिंकली आणि तिन्ही वेळा सामनावीर हाच.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण २०२१ चा मोसम सुरू झाला आणि पुन्हा तेच! ५, ५, १०. तीन डाव मिळून २० धावा. या वेळी बाकावर रॉबिन उथप्पा होता. आयपीएल गाजवलेला अनुभवी सलामीवीर, चेन्नईने जानेवारीत राजस्थानकडून मुद्दाम मागून घेतलेला. बदली माणूस तयार, आणि आपला गडी चाचपडतोय. काढायचं?

चेन्नईने नाही काढलं. आता पेन्सिल घ्या आणि त्या मोसमातले त्याचे सगळे सोळा डाव ओळीने लिहा : ५, ५, १०, ६४, ३३, ७५, ४, नाबाद ८८, ३८, ४०, ४५, नाबाद १०१, १३, १२, ७०, ३२. करा बेरीज. ६३५ आली ना? त्या वर्षी आयपीएलमध्ये कुणीही केलेल्या सर्वांत जास्त धावा! त्याचाच जोडीदार फाफ ड्यूप्लेसी ६३३ वर राहिला, ऑरेंज कॅप ऋतुराजला, आणि करंडक चेन्नईला.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते वेगळंच. त्याच ओळीत १३ किंवा त्याहून कमी धावांचे डाव मोजा. सहा भरतील. सोळात सहा! म्हणजे देशात पहिला आलेला फलंदाजसुद्धा दर आठ डावांत साधारण तीनदा फसतो. मग लागोपाठ तीनदा फसण्याची शक्यता किती? गणिताच्या तासाला शिकला असाल : आठात तीन, गुणिले आठात तीन, गुणिले आठात तीन. ५१२ मध्ये २७, म्हणजे जवळजवळ १९ मध्ये एक. आयपीएलमध्ये २०२२ पासून दहा संघ आहेत. प्रत्येकी दोन सलामीवीर धरले तर वीस झाले. सगळे ऋतुराजएवढे तरबेज आहेत असं समजलं, तरी पहिल्या तीन सामन्यांत त्यातला एखादा सपशेल आपटणारच. त्याचं काही बिघडलेलं नसताना! फासे तीनदा एकच पडले म्हणून आपण फासा खोटा म्हणतो का?

बाकावरच्या उथप्पाचं काय झालं? तो ऑक्टोबरपर्यंत बसून राहिला. मग सुरेश रैनाच्या जागी संघात आला, आणि दिल्लीविरुद्धच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये त्याने ६३ धावा केल्या. पलीकडच्या टोकाला ७० धावा करणारा कोण होता, ते वरच्या ओळीत सापडेल.

तर मग प्रत्येकाला धीर धरून ठेवायचंच का? नाही हं. याच चेन्नईने त्याच वेळी पुण्याच्या केदार जाधवला सोडलं. केदार काही साधासुधा नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडचे ३५० पार करताना विराट कोहलीच्या जोडीने ७६ चेंडूंत १२० धावा करणारा तो हाच. २०१८ मध्ये चेन्नईने त्याला ७ कोटी ८० लाखांना घेतलं, आणि पहिल्याच सामन्यात दुखऱ्या पायानिशी परत मैदानात येऊन त्याने मुंबईविरुद्ध एक गडी राखून सामना काढून दिला. पण २०२० मध्ये आठ सामन्यांत त्याच्या मिळून ६२ धावा झाल्या. वय ३५. जानेवारी २०२१ मध्ये त्याला मोकळं केलं.

अन्याय वाटतो? हिशेब मांडा. ७८० लाख भागिले २० लाख, ३९. एका केदारच्या किमतीत एकोणचाळीस ऋतुराज बसतात! वाट पाहण्यालाही किंमत असते, बरं का. ऋतुराजच्या बाबतीत ती अगदी थोडी होती आणि पुढे दहा वर्षांचा खेळ होता. केदारच्या बाबतीत किंमत मोठी आणि उरलेली वर्षं थोडी. माझ्या मते चेन्नईचे दोन्ही निर्णय बरोबर होते, जरी दुसरा ऐकायला कठोर वाटला तरी. आणि केदारची बॅट त्या दिवशी काही संपली नाही. जानेवारी २०२३ मध्ये रणजी स्पर्धेत आसामविरुद्ध त्याने २८३ चेंडूंत २८३ धावा काढल्या!

सोडण्याची घाई केली तर काय होतं, त्याचं मासलेवाईक उदाहरण अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये आहे. तिथे खेळाडूंची अदलाबदल शंभर वर्षांहून जुनी. आपल्याकडे आयपीएलमध्ये ती २००९ मध्ये आली. पहिल्या काही जणांत आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान होता. तो बंगळुरूहून मुंबईला आला आणि त्याच्या बदल्यात गेला तो... रॉबिन उथप्पाच!

तर न्यूयॉर्क मेट्स नावाच्या संघाकडे नोलन रायन हा पिचर होता. पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. चेंडू असा वेगवान की डोळ्यांना दिसू नये, पण दिशेचा पत्ता नाही. चार चेंडू भलतीकडे टाकले की तिथे फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, आणि रायन असे फुकटचे बेस वाटत सुटे. १९७१ मध्ये त्याच्या नावावर १० विजय आणि १४ पराभव. मेट्स कंटाळले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी रायन आणि आणखी तीन खेळाडू कॅलिफोर्नियाच्या संघाला देऊन जिम फ्रेगोसी हा नामवंत खेळाडू घेतला. फ्रेगोसी त्यांच्याकडे दोन वर्षंही टिकला नाही. आणि रायन? पहिल्याच मोसमात त्याने ३२९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, १९९३ पर्यंत खेळला आणि ५,७१४ स्ट्राइकआउटचा विक्रम करून गेला. दिशा शिकवता येते. तसला वेग शिकवून येत नाही. मेट्सनी पराभव मोजले आणि चेंडूचा वेग मोजायचा राहिला.

आता तुमच्या शाळेच्या संघाकडे वळू, कारण खरी रडारड तिथेच होते. चौदा वर्षांखालच्या निवडीत एक मुलगी किंवा मुलगा दोनदा शून्यावर बाद होतो आणि नाव कापलं जातं. तिथे ना लिलाव, ना कोटी. वाट पाहायला लागतो तो फक्त वेळ, आणि बाकावर बसलेल्याचा थोडा वाटा. तो त्याला आळीपाळीने देता येतो. सरांनी वहीत धावांच्या शेजारी "कसा बाद झाला" असा एक रकाना आखला, तर निम्मी भांडणं मिटतील. आणि आई-बाबांनो, गाडीत बसल्या बसल्या "आज किती?" हा प्रश्न विचारायची घाई नको. "कोणता चेंडू चांगला लागला?" असं विचारून तर बघा.

ऋतुराजला तिसऱ्यांदाही हेच भोगावं लागलं. २०२२ चे पहिले पाच डाव : ०, १, १, १६, १७. या वेळी तो २० लाखांचा नव्हता, ६ कोटींना राखून ठेवलेला होता. म्हणजे वाट पाहणं महाग झालेलं. सहावा सामना गुजरातविरुद्ध, १७ एप्रिलला, गहुंजेला. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, त्याच्या सांगवीपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना! ४८ चेंडूंत ७३. दोन आठवड्यांनी, महाराष्ट्र दिनी, त्याच मैदानावर हैदराबादविरुद्ध डेव्हन कॉनवेबरोबर १८२ धावांची सलामी. आपली माणसं उभी राहून ओरडत होती आणि फलकावर त्याच्या नावापुढे ९९ लागले होते. नटराजनचा चेंडू, पॉइंटला भुवनेश्वरच्या हातात झेल. शतक एका धावेने हुकलं, पण त्या दिवशी "काढा याला" म्हणणारा गहुंजेत एकही नव्हता.