सापाचे नाव आणि पेटीवरील चिठ्ठी

जिवंत साप विमानाने पाठवावयाचा, तर तो कापडी पिशवीत बांधून, हवेसाठी छिद्रे असलेल्या भक्कम पेटीत ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेचे नियम आणखी एक अट घालतात : पेटीवर सापाचे रूढ व शास्त्रीय अशी दोन्ही नावे असावीत. रूढ नाव एकटे का पुरत नाही, हे मराठीवरून सहज उमगते. ‘घोणस’ अत्यंत विषारी. ‘डुरक्या घोणस’ बिनविषारी. विशेषण गळले, की पेटी हाताळणारा आणि दंशावर उपचार करणारा, दोघेही चकतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील सौम्य विषाचा हरणटोळ व विषारी चापडा या दोहोंनाही पाहणारा ‘हिरवा साप’ म्हणू शकतो. उलट ‘मांडूळ’ आणि ‘दुतोंड्या’ हा एकच साप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याची विक्री निषिद्ध आहे, आणि नाव बदलल्याने ती वैध ठरत नाही. परदेशी सापांच्या व्यापारावरील १९७५ पासूनचा आंतरराष्ट्रीय करारही जाती शास्त्रीय नावांनीच नोंदवितो. सहार विमानतळावरील तपासनिसाला म्हणूनच नेमका शब्द हवा असतो. बोलीत संदर्भ अर्थ सावरून घेतो. बंद पेटीवर मात्र संदर्भ नसतो, केवळ नाव असते.