आजोबांचा पखवाज नातवाच्या हाती कसा येतो?

सिल्लोड : गावात हरिनाम सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत पखवाज लागतोच. वाजवणारा बहुतेक वेळा घरातच शिकलेला असतो. आजोबा वाजवायचे, वडील वाजवतात. पुढं काय? काही घरांत पखवाज अजून आहे, पण तो खुंटीवर. मग सप्ताहाला वादक बाहेरगावाहून बोलवावा लागतो.

मराठवाड्यातलंच उदाहरण

अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजवादनासाठी देशभर ओळखले गेले. 1986 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू आपेगावकर यांनी तोच पखवाज पुढं नेला. सोलापूरच्या जाधव घराण्यात 'सुंदरी' हे सनईसारखं, पण आकारानं लहान असलेलं वाद्य सिद्धराम जाधव, त्यांचे चिरंजीव चिदानंद आणि नातू भीमण्णा असं तीन पिढ्या वाजत आलं.

रक्तात नाही, कानात

'त्याच्या रक्तातच आहे' असं आपण सहज म्हणतो. खरं तर अशा घरातलं पोर रांगायला लागल्यापासून ताल ऐकत असतं. शिकवायला बसण्याआधीच ठेका कानात बसलेला असतो. त्यामुळं ज्या घरात कुणीच वाजवत नव्हतं, तिथलं पोरही रोज भजनात बसलं तर शिकू शकतं. मुलगी असो की मुलगा, हाताला फरक पडत नाही.

सुरुवात तोंडानं

पखवाज आधी तोंडानं शिकतात. 'ता, दीं, थुं, ना' हे पायाचे बोल. हातानं टाळी देत ते म्हणायचे, मग मांडीवर वाजवायचे, त्यानंतर वाद्याला हात. चौतालाच्या 12 मात्रा अशाच पाठ होतात. म्हणजे सुरुवातीला वाद्य विकत घ्यायचीही गरज नाही.

वाद्य जपायचं कसं?

पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, त्यानं आवाज खोल होतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढावी. तशीच राहिली तर बुरशी धरते, उंदीर कातडं कुरतडतात. पावसाळ्यात ओल लागून पुडी सैल पडते, म्हणून पखवाज कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवावा. वाद्यांच्या खालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवता-उतरवता येतो, पण ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

मोबाईल इथं कामाला येतो

जुन्या वादकांचे बोल वहीत क्वचितच लिहिलेले असतात. माणूस गेला की बोलही जातात. घरात असे आजोबा असतील तर आजच रेकॉर्डिंग करून ठेवा. एक बोल आधी तोंडानं म्हणवून घ्या, मग तोच हळू वाजवायला सांगा, शेवटी नेहमीच्या लयीत. हात नीट दिसेल असा मोबाईल ठेवा.

मात्र व्हिडिओ पाहून चुकलेला हात सुधारत नाही. त्यासाठी आजोबांच्या शेजारीच बसावं लागतं. रोज अर्धा तास बसलं तरी खुंटीवरचा पखवाज खाली येतो.