तुमच्यानंतर या तबकड्यांचं काय?

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. हॉलची एक अख्खी भिंत माझ्या रेकॉर्डनी अडवलेली आहे. खालच्या कप्प्यात कॅसेटचे खोके, त्याच्या शेजारी सीडी. सौ. हातात फडकं घेऊन उभी राहते आणि शांतपणे म्हणते, ''तुमच्यानंतर या तबकड्यांचं काय करायचं, ते एकदा सांगून ठेवा.'' पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, काहीही जमवणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारावा असाच हा प्रश्न आहे.

मी जॅझचा वेडा. १९७८ साली मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली. रंगभवनात सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला आणि जो अडकलो, तो अडकलोच. तेव्हापासून जॅझ ऐकतो आहे, जमवतो आहे आणि ऐकणाऱ्यांशी भांडतोही आहे. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. जॅझचा इतिहास वाजवणाऱ्यांनी घडवला हे खरंच, पण तो उरला तो बऱ्याच अंशी जमवणाऱ्यांमुळे. आणि काही वेळा तो बुडाला, तोही जमवणाऱ्यांमुळेच!

वाजलं आणि विरलं

जॅझ म्हणजे नुसता गोंगाट, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आपल्या ख्यालाचं उदाहरण देतो. बंदिश चार ओळींची असते, पण गवई ती दर बैठकीत वेगळी मांडतो. जॅझचंही तसंच. मूळ धून सर्वांना ठाऊक असते. ती एकदा वाजवून झाली, की ट्रंपेटवाला किंवा सॅक्सोफोनवाला तिच्या आधारानं त्या क्षणी सुचेल ते वाजवत जातो. उद्या तीच धून तो अगदी निराळी वाजवील. म्हणजे आज जे वाजलं, ते आज कुणी टिपून ठेवलं नाही तर कायमचं गेलं.

न्यू ऑर्लिन्स शहरातल्या बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाला जॅझचा आद्यपुरुष मानतात. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं आणि १९३१ मध्ये तिथंच त्याचा शेवट झाला. त्याच्या वादनाचा एक सूरही आज आपल्याजवळ नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांविषयी जुन्या माणसांनी किती भरभरून लिहिलं आहे, पण बुवांचा आवाज काही ऐकायला मिळत नाही. ती हळहळ ज्याला ठाऊक आहे, त्याला बोल्डनविषयी वेगळं सांगायला नको.

पुढं ध्वनिमुद्रणं होऊ लागली, तरी दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांतही लुई आर्मस्ट्राँगसारख्या माणसानं चमत्कार केले. १९२८ सालचं त्याचं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐका. सुरुवातीला एकटा ट्रंपेट जी झेप घेतो, ती ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण हीच माणसं क्लबात रात्री दोन वाजता, घड्याळाकडं न बघता काय वाजवत असतील? ते मात्र कंपन्यांनी टिपलं नाही.

कंपन्या बंद, विद्यार्थी जागा

आणि नेमक्या मोक्याच्या वेळी कंपन्यांचं मुद्रणच थांबलं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओवर आणि हॉटेलांतल्या यंत्रांवर रेकॉर्डी वाजतात, त्यामुळे आमची कामं जातात आणि मोबदला काहीच मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. त्यात महायुद्धामुळं लाखेचा तुटवडा. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत आणि ही लाख मुख्यतः आपल्या हिंदुस्थानातून जायची. नवी रेकॉर्ड काढायची, तर जुन्या रेकॉर्डी परत गोळा करून वितळवायची वेळ आली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जॅझ कूस बदलत होता. 'मिंटन्स' नावाच्या क्लबात रात्री उशिरा थेलोनियस मंक, केनी क्लार्क अशी तरुण मंडळी एकत्र जमून नव्या पद्धतीनं वाजवायची. पुढं या शैलीला 'बीबॉप' हे नाव मिळालं. जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी १९४१ साली तबकडीवर ध्वनी कोरणारं आपलं यंत्र उचलून तिथं नेत असे. त्यानं टिपलेल्या मुद्रणांत चार्ली ख्रिश्चनची गिटार आहे. कंपनीच्या रेकॉर्डीत ज्याच्या वाट्याला मोजके सेकंद येत, तो इथं मनसोक्त वाजवताना ऐकू येतो. मार्च १९४२ मध्ये क्षयानं चार्ली गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. न्यूमननं ते यंत्र घरीच ठेवलं असतं तर?

फक्त पार्करच!

दुसरा असाच वेडा म्हणजे डीन बेनेडेटी. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, पण चार्ली पार्करला ऐकलं आणि या माणसाचं वादन जपणं हेच आपलं काम, असं त्यानं ठरवलं. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला तो यंत्र घेऊन पार्करच्या मागं फिरला. गंमत म्हणजे पार्करचं वादन संपून दुसऱ्याचं सुरू झालं, की हा यंत्र बंद करायचा! तबकड्या आणि फीत महाग, मग उगाच का खर्चायच्या?

जॅझच्या शौकिनांत या मुद्रणांविषयी कितीतरी वर्षं नुसत्या दंतकथा होत्या. बेनेडेटी १९५७ मध्ये इटलीत वारला. पण त्याच्या भावानं तो ठेवा सांभाळला आणि १९९० साली 'मोझॅक' या कंपनीनं सात सीडींचा संच काढला. आवाज खरखरीत, तुकडे अर्धवट. पाहुण्यांसाठी लावण्याजोगी ही चीज नव्हे. तरी माझं स्पष्ट मत आहे, की पार्कर काय होता हे स्टुडिओतल्या गुळगुळीत रेकॉर्डीपेक्षा या तुकड्यांतून जास्त कळतं. बेनेडेटीनं इतरांवर अन्याय केला, हेही तितकंच खरं. पार्करच्या वादनाला उत्तर म्हणून शेजारच्यानं काय वाजवलं, हे आता कधीच कळणार नाही. पण या साऱ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो त्याचा भाऊ. वेड त्याचं नव्हतं, तरी त्यानं ते रद्दीत घातलं नाही.

कुलुपातलं धन

याच्या उलट गोष्ट बिल सॅव्हरीची. हा ध्वनितंत्रज्ञ. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरचे कार्यक्रम तो मोठ्या तबकड्यांवर उतरवून घेत असे. या तबकड्यांत तीन मिनिटांची अडचण नव्हती. त्यामुळे काउंट बेसी, लेस्टर यंग, कोलमन हॉकिन्स असे दिग्गज त्यांत ऐसपैस वाजवताना सापडतात. हॉकिन्सची १९३९ ची 'बॉडी अँड सोल' ही तीन मिनिटांची रेकॉर्ड जॅझमधली दंतकथा आहे. सॅव्हरीच्या संग्रहात त्याच धुनेचं १९४० चं, जवळजवळ दुप्पट लांबीचं वादन निघालं.

पण निघालं केव्हा? बेनी गुडमनची काही मुद्रणं वगळता सॅव्हरीनं हा संग्रह कुणाच्या हाती लागू दिला नाही. अभ्यासक वर्षानुवर्षं विनवण्या करत राहिले. २००४ मध्ये तो गेला. २०१० मध्ये त्याच्या मुलाकडून हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाला हजाराच्या आसपास तबकड्या मिळाल्या. तोवर त्यांतल्या बऱ्याच खराब झाल्या होत्या, काही तर वाजवण्यापलीकडे गेलेल्या. सत्तर वर्षं जपलं आणि जपता जपताच घालवलं! सॅव्हरीनं टिपलं नसतं तर काहीच उरलं नसतं, हे मान्य. पण कुलूप थोडं आधी उघडलं असतं, तर आणखी किती उरलं असतं?

चिठ्ठी नसलेला खोका

संग्रह टिकला आणि तो नावनिशीवार नसेल, तरी तो हरवल्यासारखाच. २९ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजवले. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओनं तो कार्यक्रम टिपला आणि फिती अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात जाऊन पडल्या. खोक्यावर धड नावही नव्हतं. २००५ मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं जुन्या फिती उतरवताना कान टवकारले, म्हणून हा खजिना वर आला. पियानोतून मंक तिरकस प्रश्न विचारतो आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन उत्तरांची बरसात करतो. कोल्ट्रेन मला अवघड जातो, असं म्हणणाऱ्यांना मी आधी हेच ऐकवतो.

'व्हॉइस ऑफ अमेरिका'नंच आणखी एक उपकार करून ठेवला आहे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला पॉल गोन्साल्विस एका जागी उभा राहून लागोपाठ सत्तावीस आवर्तनं वाजवत राहिला आणि लोक खुर्च्या सोडून नाचू लागले. नाव ऐकून तुम्हाला हा गोव्याचा वाटेल, पण त्याचे पूर्वज केप व्हर्डे बेटांवरचे. पोर्तुगीजांचं राज्य तिथंही होतं आणि इथंही, एवढंच काय ते नातं! तर हा पठ्ठ्या रेकॉर्ड कंपनीचा मायक्रोफोन सोडून रेडिओच्या मायक्रोफोनपुढं वाजवत होता. त्यामुळं कंपनीच्या रेकॉर्डीत तो लांबून आल्यासारखा ऐकू येतो. रेडिओची फीत सापडल्यावर १९९९ मध्ये दोन्ही मुद्रणं जुळवून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा गोन्साल्विस खऱ्या अर्थानं समोर उभा राहिला.

पहिल्या आवृत्तीचा सोस

आता जमवणाऱ्यांच्या एका खोडीविषयी. ती म्हणजे पहिल्या आवृत्तीचा सोस. 'ब्लू नोट' कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या मूळ तबकड्यांना परदेशात हजारो डॉलर मोजणारे शौकीन आहेत. त्यांतली कित्येक मुद्रणं रुडी व्हॅन गेल्डर या चष्म्यांच्या तज्ज्ञानं आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात केली होती! मंडळी साधी होती, किंमत नंतर चढली.

माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. जॅझमधली बहुधा सर्वांत लाडकी रेकॉर्ड. पहिल्या दिवशी मुद्रणयंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळं पहिल्या बाजूच्या तिन्ही धुना तबकडीवर किंचित चढ्या सुरात उमटल्या. ही चूक दुरुस्त झाली ती १९९० च्या दशकात. म्हणजे मूळ आवृत्तीसाठी पैसे ओतणारा माणूस चुकीचा सूर विकत घेतो आणि साधी सीडी घेणाऱ्याला बरोबर सूर मिळतो. जुन्या तबकडीचं देखणेपण मी नाकारत नाही. माझ्याही भिंतीवर अशा काही आहेत. पण ते शोभेचं सुख, ऐकण्याचं नव्हे.

आपल्या दाराशी

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, असं मात्र समजू नका. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होता. अमेरिकेहून आलेल्या कृष्णवर्णीय वादकांनी तो आणला आणि गोव्याच्या वादकांनी आपलासा केला. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं गाजला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) त्याच्या ट्रंपेटचा ठसका आहे. त्या सिनेमाच्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी ठेका धरला, तो अर्धा जॅझवरच!

पण चिक आणि त्याचे साथीदार हॉटेलात रात्र रात्र जे वाजवत, त्यातलं फारच थोडं उरलं आहे. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात त्या दिवसांचा मागोवा आहे. पुस्तकातून माणसं कळतात, प्रसंग कळतात. वाजलेलं कसं ऐकू येणार? म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. तुमच्या माळ्यावर आजोबांची लाखेची रेकॉर्ड असेल, कुणी खासगी बैठकीत टिपलेली फीत असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा बघा. तबकड्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ओल आणि ऊन, दोन्हींपासून लांब ठेवा. पावसाळ्यानंतर बुरशी बघा. आणि काय आहे, कुणाचं आहे, कधीचं आहे, ते एका चिठ्ठीवर लिहा. जमल्यास जाणकाराकडून प्रत करून घ्या आणि ती मागेल त्याला ऐकवा.

सौ.च्या प्रश्नाचं उत्तर मी यंदा शोधलं आहे. एक वही घातली. रोज संध्याकाळी पाच रेकॉर्ड काढायच्या, पुसायच्या, एक तरी ऐकायची आणि वहीत नोंद करायची. कुठली कुणाला द्यायची, तेही शेजारी लिहायचं. नोंदी तीच करते, कारण माझं अक्षर कुणाला लागत नाही. परवा बिली हॉलिडेची एक १९३७ ची धून लावली होती. मागं लेस्टर यंगचा सॅक्सोफोन, जणू तिच्याशी कानात बोलणारा. सौ.नं पेन खाली ठेवलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ''हिच्यापुढं कुणाचं नाव घालू नका. ही मला हवी.''